आजी पडली की वाजणारी डबी

"मी काय गाय आहे का, गळ्यात घंटा बांधून फिरायला?"

"गाय असतीस तर बरं झालं असतं, आई. गाय सांगितलेलं ऐकते तरी."

"कोणती ऐकते? एक दाखव मला. आपल्या फाटकात बसून राहते ना ती, तिला सांगून बघ जरा सरक म्हणून. वॉचमन शिट्टी फुंकून फुंकून वाळून गेला बिचारा."

यावर लुंबिनीनं खिडकीतून खाली पाहिलं. त्याच गायीपायी तिची कॅब फाटकाबाहेर अडकली होती आणि ड्रायव्हर मधूनमधून हॉर्न वाजवून त्याची आठवण देत होता.

मायलेकींच्या मध्ये वेताच्या मोढ्यावर लुंबिनीचा मुलगा धम्मदीप बसला होता. घरात दीपू. वय सतरा. अकरावीत असताना त्याची आणि शाळेची फारकत झाली. शाळेनं त्याला सोडलं की त्यानं शाळेला, यावर घरात अजून एकमत नाही. तेव्हापासून तो नोएडाला सेक्टर अठरात, खंडेराव नावाच्या लातूरच्या माणसाच्या दुकानात मोबाईल दुरुस्त करायचा. आत्ता त्याच्या हातात काडेपेटीहून जरा मोठी एक पांढरी डबी होती आणि डोक्यात राग होता. डबी त्यानं स्वतः बनवली होती. नेहरू प्लेसला दिवस दिवस हिंडून, चिनी मालाच्या ढिगाऱ्यातून एकेक पार्ट वेचून. आणि या बाई तिला घंटा म्हणत होत्या!

"आजी, घंटा नाहीये ती. तू पडलीस ना, तर ती आपोआप फोन करते."

"मी पडल्यावर मी करीन ना फोन. तोंड नाही का मला?"

"केला होतास का?"

आजीनं पदर सारखा केला. थंडीत ती बाथरूममध्ये घसरून पडली होती. उठता येईना, म्हणून कामवाली येईपर्यंत तशीच गार फरशीवर पडून राहिली. वर कुणाला सांगितलं नाही. सांगितलं ते कामवालीनं, तेही लुंबिनीनं तिला नवीन स्वेटर दिल्यावर.

तेव्हापासून लुंबिनीनं धरलं होतं की आईनं दिल्लीतला मयूर विहारचा फ्लॅट भाड्यानं द्यावा आणि नोएडाला यावं. एक्सप्रेसवेजवळ, नव्या टॉवरमध्ये, अकराव्या मजल्यावर. खोली तयार होती, पडदेसुद्धा लागले होते.

"अकराव्या मजल्यावर माणूस पडत नाही का?" आजीनं विचारलं होतं.

"पडतो. पण सापडतो."

"सापडायला मी काय किल्ली आहे?"

प्रभावती आजी नागपूरची, इंदोऱ्याची. आयुष्यभर सेक्रेटरिएटमध्ये नोकरी केली, बड्या बड्या साहेबांच्या नोटिंगमधल्या चुका काढल्या. राजाराम आजोबांबरोबर ती इथे राहायला आली तेव्हा सोसायटीच्या पुढे रस्ता नव्हता, यमुनेपर्यंत नुसते काकडीचे मळे. आजोबा गेले, मळे गेले, परवा परवा मेट्रोही आली. आजी मात्र इथून हलायला तयार नव्हती. मग दीपूनंच तोड काढली. उन्हाळाभर डबी वापरून बघायची. नीट चालली तर आजी इथेच राहील. नाही चालली तर पावसाळ्याच्या आधी सामान बांधायचं.

आजीनं डबी हातात घेऊन उलटसुलट पाहिली. "वाजली नाही तर?"

"वाजेल!" दीपू इतक्या जोरात ओरडला की बाहेरचा हॉर्नही थांबला.

आता, डबीचं काम तसं सोपं होतं. ती गळ्यात बांधलेलं माणूस धाडकन खाली गेलं आणि मग हललं नाही, की आतल्या सिमकार्डावरून एकेका नंबरला फोन जायचा. पण सोपं काम सरळ होऊ द्यायचं नाही, अशी या शहराची जुनी रीत आहे.

सिम घ्यायला दीपू गेला. काउंटरवरच्या माणसानं विचारलं, "किसके नाम पे?"

"नानी के."

"नानी का एड्रेस प्रूफ?"

विजेचं बिल आजोबांच्या नावावर. रेशनकार्डावर अजून सरोजिनी नगरचं क्वार्टर. ओळखपत्रावर फोटो इतका काळा की त्यात आजी आहे की इन्व्हर्टर, ते कळत नव्हतं.

"बिल तो राजाराम जी का है. उनके साइन करवा लाओ."

"वो नहीं हैं."

"तो शाम को करवा लेना."

यावर दीपू जे बोलला ते इथे सांगण्यासारखं नाही. दुकानातल्या बाकी गिऱ्हाइकांनी मान वळवून ऐकलं, एवढंच. तो हात हलवत परत आला आणि जिन्यात पद्माकर काका भेटले.

पद्माकर काका समोरच्या फ्लॅटमध्ये राहायचे. मूळचे पुण्याचे, दिल्लीत केस पांढरे झाले तरी "आमच्या पुण्याला" सुटलं नव्हतं. कुणाच्याही अडचणीत पाय घालण्याआधी ते चप्पल काढून ठेवायचे, इतके नम्र.

"माझ्या नावावर घे," काका म्हणाले. "माझे सगळे कागद तयार असतात. माणसानं कधीही मरायला तयार असावं, म्हणजे निदान फाईल तरी."

सिम मिळालं. तीनच दिवसांत पडताळणीचा फोन आला. आता डबीची खोड अशी की बाहेरून तिला फोन केला तर ती आपणच उचलायची, म्हणजे पडलेल्या माणसाशी बोलता यावं. आजी तांदूळ निवडत होती. अचानक तिच्या छातीतून एका मुलीचा गोड आवाज आला, "नमस्ते! क्या मैं पद्माकर जी से बात कर सकती हूँ?"

आजी जुनी सरकारी नोकर. घाबरली नाही. खाली बघून शांतपणे म्हणाली, "वो सामने रहते हैं. मेरे गले में नहीं."

ही गोष्ट कामवालीनं ऐकली आणि संध्याकाळपर्यंत सगळ्या ब्लॉकला ठाऊक झाली. काका दोन दिवस जिन्यानं न जाता लिफ्टनं गेले. लिफ्ट बंद होती, म्हणजे गेलेच नाहीत.

मग आवाज भरायचा होता. डबीनं फोन केला की कोणीतरी काहीतरी बोलायला हवं. दीपू बटण दाबून बसला आणि काका शेजारी येऊन उभे राहिले. सिम त्यांचं, त्यामुळे डबीवर आता त्यांचा निम्मा हक्क होता. जे भरलं गेलं ते असं: "हॅलो, आजी पडली आहे, लवकर" आणि मागून "अरे, आधी नमस्कार तरी म्हण!" आणि मग दीपू, "काका तुम्ही गप्प बसा ना यार!" आणि टुंग. दुसऱ्यांदा भरायला डबी पूर्ण उघडावी लागायची, आणि ती बंद करताना एक स्क्रू नेहमी उरायचा. दीपूनं आहे तेच ठेवलं.

राहिली सोसायटी. गार्डचा नंबर डबीत घालायचा तर सेक्रेटरीची परवानगी हवी. सेक्रेटरी विजयालक्ष्मी मॅडम. ऑडिटमधून निवृत्त झालेल्या. त्यांच्याकडे "गुड मॉर्निंग" म्हटलं तरी त्या आधी घड्याळ बघायच्या.

"गार्ड का नंबर कॉमन प्रॉपर्टी है," मॅडम म्हणाल्या. "बिना ट्रायल के पास नहीं होगा. सबके सामने गिर के दिखाओ."

रविवारी पार्कात ट्रायल झाली. गवतावर गादी टाकली. डबी दीपूच्या गळ्यात. भोवती कमिटी, पोरंटोरं, शिवाय सकाळचा फिरणारा ग्रुप, ज्यांना सहसा पडणारे लोक फुकट बघायला मिळत नाहीत.

दीपू पडला. डबी ढिम्म.

परत पडला. डबीवरचा हिरवा दिवा तेवढा लुकलुकला, जसं काही तिला करमणूक वाटत होती.

"हात टेकतोयस तू," काका म्हणाले. "पडण्यात मन नाही तुझं."

"मागच्या मागं पड," आजीनं खुर्चीतून सुचवलं. "मी तशीच पडली होती."

"अरे बेटा, घुटने मोड के," कोणीतरी म्हणालं. कोणीतरी डोळे मिटून पडायला सांगितलं. एका आजोबांनी आपण कसे पडलो होतो ते करून दाखवायची तयारी दाखवली, त्यांना त्यांच्या सुनेनं धरून ठेवलं. दीपू पडत राहिला, उठत राहिला, केसांत गवत, शर्टाचं एक बटण गेलेलं. शेवटी त्याचं डोकं फिरलं. "जाऊ दे ना! मरू दे! जा सगळे नोएडाला!" असं ओरडत तो तरातरा निघाला आणि बॅडमिंटनच्या नेटच्या दोरीत पाय अडकून असा आपटला, असा आपटला, की दुखतंय कुठे हे शोधायलाही त्याला वेळ लागला.

तो पडल्या पडल्या हलला नाही. गवत तोंडाला गार लागत होतं. आणि मग सगळ्या पार्कात, लुंबिनीच्या पर्समध्ये, काकांच्या खिशात, फाटकावरच्या केबिनमध्ये, एकापाठोपाठ एक फोन वाजायला लागले. "हॅलो, आजी पडली आहे..."

टाळ्या झाल्या. मॅडमनी घड्याळ पाहिलं आणि "पास्ड" म्हणाल्या. दीपूला उचलायला कोणीच आलं नाही, पण त्यानं ते मनावर घेतलं नाही. निदान त्या दिवशी.

मग उन्हाळा आला. दिल्लीचा, म्हणजे ज्यात दुपारी रस्त्यावरचं कुत्रंसुद्धा सावलीला नंबर लावतं. भाजून काढणारी लू वाहायची, आकाश धुळीनं पिवळं, आणि सगळी सोसायटी डोळे मिटून पडलेल्या म्हशीसारखी.

आजीची दुपारची झोप नागपूरची होती. बादलीभर पाणी फरशीवर ओतायचं, फडक्यानं सारखं करायचं, खिडकीला खसचा, म्हणजे वाळ्याचा, ओला पडदा, कूलर सुरू. खोलीत हिरवट अंधार आणि मातीचा गोड वास. आणि मग चटई नाही, उशी नाही, त्या ओल्या फरशीवर धपकन अंग टाकून द्यायचं. डोळे मिटायचे आणि हलायचं नाही.

धाडकन खाली. मग हालचाल नाही.

डबीनं आपलं काम चोख केलं.

पहिल्या दिवशी लुंबिनी ऑफिसमधून रडत निघाली. गार्ड शिट्टी वाजवत जिना चढला, का ते त्यालाही माहीत नव्हतं. काका बर्म्युडात धावले, त्यांच्याकडे किल्ली होती. दार उघडून बघतात तर आजी फरशीवर, तोंड किंचित उघडं, आणि बारीक आवाजात घोरतेय.

दुसऱ्या दिवशीही तेच. तिसऱ्या दिवशीही.

"बिघडलीय तुझी डबी," लुंबिनी फोनवर म्हणाली.

"बिघडली नाहीये! ती पडतेच आहे! मशीन खरं सांगतंय, तुम्हीच चुकीचे आहात!" आणि दीपूनं फोन आपटला. दुसऱ्याचा होता, दुरुस्तीला आलेला. खंडेरावनं नुसतं डोक्याला हात लावला.

दीपूनं आजीची समजूत घातली. "आजी, हळू आडवी हो ना. आधी बस, मग कूस, मग..."

"हळू हळू आडवं होणं म्हणजे आजारपण, पोट्ट्या. झोप अशी घेत नसतात."

"मग डबी काढून झोप."

"काहून? तूच म्हणाला ना, कधी काढायची नाही म्हणून? आंघोळीलाही पिशवीत घालून बांधते मी."

दीपू सेक्टर अठराहून मेट्रो पकडून यायचा, घामाघूम, भांडायच्या तयारीत, आणि दार उघडल्यावर त्या हिरव्या गार अंधारात त्याचं भांडण विझून जायचं. सगळ्यांचंच तसं होत होतं. काका आजीला वाचवायला आले आणि म्हणाले, "आलोच आहे तर जरा टेकतो." टेकले ते आडवे झाले. एके दिवशी खुद्द विजयालक्ष्मी मॅडम तक्रार घेऊन आल्या, गार्ड रोज दुपारी ड्यूटी सोडतो म्हणून. गार्ड दाराच्या चौकटीला टेकून उभ्या उभ्या झोपला होता. मॅडमनी त्याच्याकडे पाहिलं, फरशीकडे पाहिलं, घड्याळ काढून खिडकीत ठेवलं आणि साडीचा पदर खोचून भिंतीकडे तोंड करून पडल्या.

मग पायंडाच पडला. आजी पडायची, डबी वाजायची, लोक धावत यायचे आणि झोपायचे.

आणि त्या फरशीवर स्वप्नं फार चांगली पडायची. कशामुळे, कोण जाणे. संध्याकाळी चहा पिताना सगळे आपापलं सांगायचे. आजीच्या स्वप्नात राजाराम आजोबा काकडीच्या मळ्यातून स्कूटरवर यायचे, वेल चाकाखाली न चिरडता, अगदी अलगद. खिडकीखाली थांबून विचारायचे, "भाजी काय आणू?" आजीला काही सुचायचं नाही, म्हणून ते पुन्हा एक चक्कर मारायला जायचे. मॅडमच्या स्वप्नात सगळी व्हाउचर्स सापडली होती. हे सांगताना त्या पहिल्यांदाच हसल्या. काकांचं स्वप्न वाईट होतं. "मी कुणालाच सल्ला देत नव्हतो," ते म्हणाले. "फार भीती वाटली रे."

दीपूची नजर मात्र तिखट. त्याच्या एक लक्षात आलं होतं. आजी हल्ली आतल्या खोलीतलीही फरशी पुसून ठेवायची. चहाचं आधण आधीच भरलेलं असायचं. आणि लोक धावत आत यायचे तेव्हा तिच्या मिटलेल्या पापण्या हलत असायच्या. त्यानं कुणाला सांगितलं नाही.

पण लुंबिनीचा संयम संपला. परदेशी क्लायंट समोर बसलेले, आणि तिचा फोन म्हणतोय, "अरे, आधी नमस्कार तरी म्हण!" त्याच दुपारी ती रिकामी बॅग घेऊन निघाली. खाली दीपू भेटला, तोही धावतच आलेला.

"बस झालं," ती जिना चढता चढता म्हणाली. "आज घेऊन जाते तिला. रोज माझा जीव जातो आणि परत येतो. एक दिवस मला वाटेल खोटंच आहे, मी येणार नाही, आणि त्याच दिवशी ती..."

दीपू दोन पायऱ्या मागून चढत राहिला.

दार उघडंच होतं. आत हिरव्या अंधारात माणसंच माणसं पसरलेली. काका, मॅडम, वरच्या मजल्यावरचे कोणी कोणी. कोणी हलत नव्हतं. लुंबिनीच्या हातातली बॅग गळाली.

"दीपू... सगळेच?"

तेवढ्यात काका घोरले.

मग तिनं कुजबुजत्या आवाजात जे काही ऐकवलं त्यात दीपू, शाळा, डबी, चीन आणि पुणे सगळं आलं. माणसं ओलांडत ती कपाटापाशी गेली, आईच्या साड्या काढल्या, बॅग भरायला खाली बसली. बसली आणि थांबली. हात फरशीवर ठेवला. रात्री अमेरिकेचे कॉल, सकाळी ट्रॅफिक, ती धड झोपली कधी होती ते तिलाच आठवत नव्हतं. एक साडी बॅगेत, दुसरी मांडीवर, आणि डोकं हळूच बॅगेवर टेकलं.

तिचा फोन गुरगुरायला लागला. मॅडमनी डोळे न उघडता तो उचलला, उठून स्वयंपाकघरात गेल्या आणि तांदळाच्या डब्यात खोल पुरून आल्या.

लुंबिनी उठली तेव्हा ऊन खिडकीवरून उतरलं होतं. गालावर बॅगेच्या चेनची खूण. सगळे भिंतीला टेकून चहा पीत होते, एकदम गुपचूप.

"बाबा आले होते," ती म्हणाली. आवाज लहान मुलीसारखा. "स्कूटरवरून. भाजी काय आणू विचारत होते."

आजीचा कप हवेतच थांबला. "मग? तू काय सांगितलं?"

"दोडके."

"बाप्पा! मला इतक्या दिवसांत काही सुचलं नाही, आणि तू दोडके सांगितले?"

"गेले आणायला."

कूलरमधून पाणी टपटपत होतं. लुंबिनीनं बॅगेतली साडी काढली, घडी मोडली होती ती नीट केली आणि परत कपाटात ठेवली. मग दीपूकडे वळली.

"राहू दे तिला. पण डबी वाजली की तू यायचंस. काका नाही, गार्ड नाही. त्यांना वाटलं तर त्यांनी यावं. तू मात्र यायचंसच. खोटी आहे हे माहीत असलं तरी."

"खोटी नाही वाजत ती!"

"मग तर झालंच."

तेव्हापासून दीपू येतो. कधी खांद्याला गिऱ्हाइकाचा चार्जर लटकलेला, कधी अर्धा समोसा हातात. मेट्रो अशोक नगर सोडून वरून वळते, खाली यमुनेकडची जमीन धुळीत तरंगत असते, आणि खिडकीच्या काचेत त्याला दोन आज्या दिसतात. एक फरशीवर झोपलेली, पापण्या हलवत. दुसरीच्या हलत नाहीत. स्टेशन येईपर्यंत कोणती खरी ते कळत नाही. जिना तो दोन दोन पायऱ्या टाकत चढतो, दार ढकलतो, आजी एक डोळा उघडून म्हणते, "आला का? चल, पड." आणि त्याला राग येतो. आणि तो पडतो.

आजही दुकानात एक फोन उघडून ठेवला होता. स्क्रू चटईवर मांडलेले, गिऱ्हाईक डोक्यावर उभं, आणि दीपू खंडेरावला सांगत होता की डबी आता आणखी लहान करायची, बांगडीत बसेल एवढी, आणि मॅडमनाही एक हवी आहे, फक्त त्यांना घड्याळासकट हवी. तेवढ्यात त्याचा मोबाईल वाजला. पडद्यावर "आजी".

"झोपली असेल रे म्हातारी," खंडेराव म्हणाला. "आधी हे जोड, माणूस कधीचा उभा आहे."

"असेल झोपली," दीपू उठत म्हणाला. "मी निघतो."